कृत्रिम गुडघा: काय बदलते आणि काय तसेच राहते

गुडघ्याच्या सांधेरोपणाविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते, की जुना सांधा मुळासकट काढून त्या जागी धातूचा तयार सांधा बसवला जातो. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवरचा साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा खराब झालेला थर काढून जवळपास तेवढ्याच जाडीचे धातूचे आणि प्लास्टिकचे आवरण बसवले जाते. सांध्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे अस्थिबंध, त्याला हलवणारे स्नायू, त्याच्यावरची त्वचा आणि वेदना मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतू हे सारे रुग्णाचे स्वतःचेच राहते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे ही शस्त्रक्रिया कोणाला मानवते, तिच्यानंतर व्यायामाला इतके महत्त्व का दिले जाते आणि तांत्रिकदृष्ट्या निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्ण असमाधानी का राहतात, हे समजणे पुष्कळ सोपे होते.

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि समोरची वाटी अशी तीन हाडे एकत्र येतात, आणि त्यांच्या परस्परांना भिडणाऱ्या पृष्ठभागांचे आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा असे तीन कप्पे मानले जातात. मांडीच्या हाडाच्या टोकाला दोन गोलाकार उंचवटे असतात, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे खुब्याच्या सांध्याला हाडांच्या आकारातून जी स्थिरता मिळते, ती गुडघ्याला मिळत नाही. ही उणीव मेनिस्कस नावाच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या आणि चार मुख्य अस्थिबंध भरून काढतात. अस्थिबंध म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणारे चिवट तंतुमय पट्टे. त्यांपैकी दोन सांध्याच्या आतल्या व बाहेरच्या कडेला असतात, तर उरलेले दोन सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेदत जातात आणि नडगीचे हाड पुढे किंवा मागे सरकू देत नाहीत. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षाभोवती फिरतो असे वरवर पाहता वाटते, पण वाकताना मांडीचे हाड नडगीच्या माथ्यावर लोळते, घसरते आणि थोडेसे वळतेही, आणि या तिन्ही हालचालींचा मेळ अस्थिबंधांच्या ताणामुळे साधला जातो. कृत्रिम गुडघ्याच्या इतिहासात जी मोठी अपयशे आली, ती बहुतांशी हा मेळ ओळखण्यात झालेल्या चुकीमुळेच आली.

या सांध्यावर पडणारा भारही शरीराच्या वजनाएवढाच नसतो, कारण तोल सांभाळण्यासाठी आखडणारे स्नायू हाडांना एकमेकांवर दाबत असतात. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यातच बलमापक यंत्रणा बसवलेली होती, अशा रुग्णांवर बर्लिन येथे केलेल्या मोजणीत सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार गुडघ्यावर पडत असल्याचे दिसून आले. म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्याला जिन्याच्या प्रत्येक पायरीला जवळजवळ अडीचशे किलोंचा दाब सोसावा लागतो, आणि हे काम तो अनेक दशके, दिवसाला हजारो वेळा, बिनबोभाट करत असतो.

हे शक्य होते ते हाडांच्या टोकांवर असणाऱ्या कूर्चेमुळे. कूर्चा म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा, पांढराशुभ्र, गुळगुळीत आणि लवचीक थर. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि उरलेल्या भागात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू व पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू असतात. दाब पडला की पाणी हळूहळू बाहेर ढकलले जाते आणि दाब सुटला की ते पुन्हा आत ओढले जाते, त्यामुळे कूर्चा भार पसरवून घेते आणि घर्षणही जवळजवळ नाहीसे करते. मात्र प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात, या दोन गोष्टींचे परिणाम फार दूरगामी आहेत. रक्तपुरवठा नसल्यामुळे एकदा झालेली इजा कूर्चा त्वचेप्रमाणे भरून काढू शकत नाही, आणि संवेदना नसल्यामुळे ती झिजत असताना सुरुवातीला माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. वेदना सुरू होते ती कूर्चेखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर आणि भोवतालचे आवरण यांच्यापर्यंत बिघाड पोहोचल्यावर, कारण मज्जातंतू तेथे असतात. वंगण संपले म्हणून गुडघा दुखतो, असे जे म्हटले जाते ते या दृष्टीने अपुरे आहे. झिजलेल्या गुडघ्यात सांध्यातील द्रव अनेकदा कमी होण्याऐवजी वाढलेला असतो, त्यामुळे गुडघा सुजतो, आणि खरा तोटा झालेला असतो तो पृष्ठभागाचा.

पृष्ठभागाची ही हानी होण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. सर्वांत अधिक आढळणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, वय, अनुवंश, स्थूलता, पूर्वीची इजा आणि पायाचा बाक यांच्या एकत्रित परिणामातून होतो; ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि सुजलेले अस्तर कूर्चा खाऊन टाकते; तिसऱ्या प्रकारात सांध्यातून गेलेले अस्थिभंग किंवा तुटलेले अस्थिबंध काही वर्षांनी गुडघा खराब करतात. भारतात झिजेच्या संधिवातात आतल्या बाजूचा कप्पा आधी झिजण्याचे आणि पाय धनुष्याप्रमाणे बाहेर बाकदार होण्याचे प्रमाण ठळक आहे. चालताना मुळातच गुडघ्यावरचा अधिक भार आतल्या कप्प्यावर पडतो. तो कप्पा झिजला की पाय बाकतो, पाय बाकला की भाराची रेषा आणखी आत सरकते, आणि त्यामुळे तोच कप्पा अधिक वेगाने झिजतो. हे चक्र एकदा सुरू झाल्यावर व्यायामाने वेदना कमी होते आणि चाल सुधारते, पण हाडाला हाड घासू लागल्यानंतर बाक सरळ होत नाही.

निदानासाठी उभे राहून, म्हणजे पायावर भार देऊन, काढलेला एक्स-रे महत्त्वाचा असतो, कारण झोपून काढलेल्या चित्रात हाडांमधली जागा खोटीच मोठी दिसू शकते. या चित्रावरून झिजेची प्रत ठरवण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी श्रेणी आजही वापरली जाते. चौथ्या श्रेणीत दोन हाडांमधली जागा जवळजवळ नाहीशी झालेली असते आणि कडांना हाडाचे टोकदार उंचवटे वाढलेले असतात. परंतु एक्स-रे आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन बाजारहाट करणारी माणसे आहेत, तशीच दुसऱ्या श्रेणीतही रात्र रात्र न झोपणारी आहेत, आणि हे ध्यानात न घेता निव्वळ चित्र पाहून घेतलेला शस्त्रक्रियेचा निर्णय फसण्याचा संभव मोठा असतो. ज्यांचा एक्स-रे तुलनेने सौम्य असतो अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर समाधान कमी मिळते, असा अनुभव पुनःपुन्हा नोंदला गेला आहे, कारण तेथे वेदनेचे मूळ बदललेल्या पृष्ठभागात नसून अन्यत्र असते. खुब्याच्या सांध्याचे दुखणेही कित्येकदा गुडघ्यात जाणवते, कमरेतून निघणाऱ्या मज्जातंतूवरचा दाबही तसाच फसवतो, म्हणून गुडघ्याची तपासणी खुबा आणि कंबर पाहिल्याशिवाय पुरी होत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या उपायांना रुग्ण व कुटुंबीय पुष्कळदा वेळकाढूपणा समजतात, हे योग्य नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायू बळकट केल्यास गुडघ्याला बसणारे धक्के तो झेलतो. वजन १ किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो, असे स्थूल वृद्धांच्या अभ्यासात दिसले आहे. आणि दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरलेली साधी काठीसुद्धा आतल्या कप्प्यावरचा ताण हलका करते. सांध्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा उपयोग बहुधा काही आठवड्यांपुरता असतो. दुर्बिणीतून गुडघा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार प्रचलित होती. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांना फक्त त्वचेवर छेद देऊन सांध्याच्या आत काहीच केले गेले नाही, आणि त्यांची वेदना खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकीच कमी झाली. झिजेच्या संधिवातासाठी त्या प्रक्रियेचे महत्त्व त्यानंतर ओसरत गेले, ही वैद्यकशास्त्राने स्वतःला तपासून पाहण्याची फार चांगली घटना आहे.

सांधेरोपणाचीही अशी कसोटी घेतली गेली. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, एका गटाला व्यायाम, आहार, वेदनाशामके व बुटातील आधार असा बारा आठवड्यांचा कार्यक्रम दिला गेला आणि दुसऱ्या गटाला सांधेरोपण करून नंतर तोच कार्यक्रम दिला गेला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ६८ टक्क्यांना लक्षणीय आराम पडला होता. शस्त्रक्रियेच्या गटातील सुधारणा निश्चितच मोठी होती, पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात अधिक होत्या, आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या सुमारे तीनचतुर्थांश लोकांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली नाही. या आकड्यांचा अर्थ असा, की सांधेरोपण ही खरोखर परिणामकारक शस्त्रक्रिया आहे आणि तरीही ती क्वचितच तातडीची असते. व्यायामादी उपाय प्रामाणिकपणे काही महिने करूनही वेदना झोप मोडत असेल, चालण्याचे अंतर घरातल्या घरात येऊन ठेपले असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर निर्णयाची वेळ आली असे मानावे. फार काळ थांबण्याचेही नुकसान असते, कारण पूर्ण सरळ न होणारा, ताठरलेला गुडघा आणि वर्षानुवर्षे न वापरल्याने सुकलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्वपदावर येत नाहीत. दुसऱ्या टोकाला, वय कमी असताना बसवलेला सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता वाढते: ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात सत्तरीनंतर सांधेरोपण झालेल्यांमध्ये उर्वरित आयुष्यात ही वेळ येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला ते झालेल्या पुरुषांमध्ये सुमारे ३५ टक्के आढळली.

कृत्रिम गुडघ्याची कल्पना शंभरहून अधिक वर्षांची आहे. बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० मध्ये क्षयरोगाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली, परंतु जंतुसंसर्गामुळे असे प्रयत्न टिकले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यात धातूच्या बिजागऱ्या आल्या, पण त्या सैल होत गेल्या, कारण एकाच अक्षावर फिरणाऱ्या बिजागरीला गुडघ्याचे वळणे आणि घसरणे ठाऊक नव्हते. तो सगळा पीळ धातू आणि हाड यांच्या जोडावर येई आणि जोड उखडत असे. वळण मिळाले ते इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात. तेथे जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी धातू विरुद्ध दाट पॉलिथिलीन ही जोडी आणि हाडाला रोपण पक्के धरण्यासाठी बोन सिमेंट ही पद्धत रुळवली होती, आणि त्यांच्याकडे काम करणारे कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ च्या सुमारास तीच सामग्री गुडघ्यासाठी वापरली, पण बिजागरी न ठेवता. मांडीच्या हाडावर धातूच्या गोल पट्ट्या, नडगीवर प्लास्टिकचे मार्ग, आणि दोहोंना एकत्र धरायचे काम रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांकडे, असा तो विचार होता, आणि आजचा कृत्रिम गुडघा त्याच विचाराचा वारस आहे.

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी घडवलेला ‘टोटल कॉन्डिलर’ हा गुडघा १९७४ पासून वापरात आला, आणि गुडघ्याचे तिन्ही कप्पे झाकणारा तो नमुना पुढच्या बहुतेक रचनांचा पाया ठरला. यांपैकी राणावत हे मध्य प्रदेशात जन्मलेले, आणि तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर त्यांनीच २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. त्या दोन शस्त्रक्रियांच्या बातम्या घरोघर वाचल्या गेल्या, आणि तोवर बड्या शहरांपुरत्या मर्यादित असलेल्या या उपचाराविषयी सर्वसामान्य वाचकाला कुतूहल वाटू लागले ते बऱ्याच अंशी त्या वेळेपासून.

आजच्या रोपणात साधारणतः चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूचे चकचकीत आवरण बसते. नडगीच्या माथ्यावर त्याच मिश्रधातूची किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूची तबकडी बसते. त्या तबकडीत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा तुकडा घट्ट बसवला जातो. आणि आवश्यकता वाटल्यास वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर त्याच प्लास्टिकची चकती लावली जाते. वाटी बदलली असे घरोघर म्हटले जात असले, तरी वाटी हा या चारांतला ऐच्छिक भाग आहे आणि अनेक शल्यविशारद तिला हातही लावत नाहीत. प्लास्टिकचा तुकडा कूर्चा आणि मेनिस्कस या दोहोंची जागा घेतो. त्याच्या झिजेतून निघणारे सूक्ष्म कण भोवतालच्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशी रोपणालगतचे हाड विरघळवू लागतात, हे लक्षात आल्यानंतर प्लास्टिकवर किरणांचा मारा करून त्याच्या रेणूंची एकमेकांत गुंफण वाढवण्याची पद्धत आली, आणि झीज बरीच कमी झाली. बोन सिमेंट हे बांधकामातल्या सिमेंटपेक्षा अगदी वेगळे, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे प्लास्टिक असते. पूड आणि द्रव मिसळल्यावर ते गरम होत दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते आणि हाडाच्या छिद्रांत शिरून रोपणाला पकड देते.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून होते आणि तिला साधारण एक ते दोन तास लागतात. गुडघ्यावर उभा छेद देऊन वाटी बाजूला सारली जाते, मधल्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा काढला जातो, मागचा काही रचनांमध्ये राखला जातो आणि काहींमध्ये त्याचे काम प्लास्टिकच्या मध्यभागी असणाऱ्या उंचवट्याकडे सोपवले जाते. त्यानंतर मापाच्या साच्यांवरून हाडांचे छेद घेतले जातात. खुब्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत काढलेली रेषा गुडघ्याच्या मध्यावरून जावी, असा प्रचलित दंडक असतो; अलीकडे काही शल्यविशारद रुग्णाच्या मूळच्या किंचित बाकाला धरून छेद घ्यावेत असे मानतात, आणि या दोन मतांमधला वाद अजून मिटलेला नाही.

तथापि या शस्त्रक्रियेतले खरे कौशल्य हाड कापण्यात नसते. हाडे कापल्यावर दोहोंमध्ये एक मोकळी जागा तयार होते, आणि ती जागा पाय सरळ असताना आणि गुडघा काटकोनात वाकलेला असताना सारख्याच उंचीची, तसेच आतल्या व बाहेरच्या बाजूला सारख्याच ताणाची असावी लागते. वर्षानुवर्षे बाकलेल्या पायात आतल्या बाजूचा अस्थिबंध आखडलेला आणि बाहेरच्या बाजूचा ताणून सैल झालेला असतो. अशा वेळी आखडलेली बाजू थोडी थोडी मोकळी करत, मध्येच तात्पुरते रोपण बसवून, गुडघा वाकवून आणि सरळ करून पाहत ताण जुळवावा लागतो. सरळ स्थितीत जागा अपुरी राहिली तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही, वाकलेल्या स्थितीत अपुरी राहिली तर तो पुरेसा वाकत नाही, आणि वाकलेल्या स्थितीत ती जास्त झाली तर जिना उतरताना पाय निसटल्यासारखा वाटतो. एक्स-रेमध्ये सुबक दिसणारा गुडघा रुग्णाला परका वाटतो, त्याचे कारण कित्येकदा या तोलात सापडते, आणि तो तोल कोणत्याही चित्रात दिसत नाही. रोबोटची मदत घेतली असता छेद अधिक अचूक बसतात आणि ताणाचे मापही आकड्यांत कळते, हे मान्य करायला हवे. पण त्यामुळे दहा-वीस वर्षांनंतर रुग्ण अधिक सुखी असतो किंवा सांधा अधिक टिकतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, निर्णय शल्यविशारदाचाच असतो, म्हणून यंत्राच्या जाहिरातीपेक्षा शल्यविशारद ही शस्त्रक्रिया किती नियमितपणे करतो, हा प्रश्न रुग्णाने आधी विचारावा.

झीज एकाच कप्प्यात असेल, मधले अस्थिबंध शाबूत असतील आणि बाक हाताने सरळ होण्याजोगा असेल, तर फक्त त्या कप्प्याचे अर्धे रोपण पुरते. त्यात गुडघा अधिक नैसर्गिक वाटतो आणि रुग्ण लवकर सावरतो, मात्र पुढे ते बदलावे लागण्याचे प्रमाण पूर्ण रोपणापेक्षा अधिक असते. वय कमी आणि काम कष्टाचे असेल, तर नडगीचे हाड गुडघ्याखाली छेदून त्याचा कोन बदलण्याची आणि भार चांगल्या कप्प्याकडे वळवण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. शेतात राबणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाला सरसकट सांधेरोपण सुचवण्याआधी हा पर्याय त्याच्यासमोर यायलाच हवा.

जोखमींमध्ये सर्वांत भीतिदायक असतो तो जंतुसंसर्ग. त्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असले, तरी धातूच्या पृष्ठभागावर जंतू एक चिकट पापुद्रा तयार करून त्याखाली दडतात आणि तेथे प्रतिजैविके पोहोचत नाहीत. अशा वेळी अनेकदा रोपण काढून, औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता ठोकळा काही आठवडे ठेवून, मग नवे रोपण बसवावे लागते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी मधुमेह आटोक्यात आणणे, तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडणे, किडलेले दात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांवर उपचार करणे, इतकेच नव्हे तर पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या पूर्ण बऱ्या होऊ देणे, या गोष्टींचा आग्रह धरला जातो आणि तो अगदी रास्त आहे. दुसरी जोखीम पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त गोठण्याची असते; ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतू शकते, आणि ते टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे, घोट्याची सतत हालचाल आणि लवकर चालणे हे उपाय असतात. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याची पद्धत भारतात बरीच आढळते. तिच्यात एकच भूल आणि एकच रुग्णालयवास हा लाभ असला, तरी हृदय वा फुप्फुसे कमकुवत असलेल्या वृद्धांसाठी दोन शस्त्रक्रियांमध्ये अंतर ठेवणेच हिताचे असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर घेऊन उभे केले जाते, कारण सिमेंटने बसवलेले रोपण तत्काळ भार घेऊ शकते. खरे श्रम त्यानंतरच्या सहा ते बारा आठवड्यांत असतात. छेदातून गेलेल्या ऊती भरून येताना आकसतात, आणि त्या आकसण्याच्या आत गुडघा वाकवून मोकळा केला नाही, तर आत तंतुमय चिकटे तयार होऊन तो ताठरतो. वाकवण्याइतकेच सरळ करणेही महत्त्वाचे असते, तरी तिकडे दुर्लक्ष होते; आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याची सवय गुडघ्याला कायमचा किंचित वाकलेला ठेवू शकते, आणि असा गुडघा चालताना दर पावलाला मांडीच्या स्नायूला थकवतो. गुडघ्याचा गरमपणा आणि सूज काही महिने राहू शकते, छेदाच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा एक पट्टा बधिर राहतो, हालचालीत धातू-प्लास्टिकचा टकटक आवाज येतो. ही लक्षणे बहुधा निरुपद्रवी असतात, आणि ती आधीच सांगितली गेली तर रुग्णाची अकारण घबराट होत नाही. मात्र जखमेतून सतत पाणी झिरपणे, ताप, पोटरीत एकाएकी आलेली सूज वा धाप यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

महाराष्ट्रातील, किंबहुना साऱ्या भारतातील रुग्णांच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न असतो तो खाली बसण्याचा. चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिन्याला ९० च्या आसपास, आणि बुटक्या खुर्चीतून उठायला १०० हून थोडा अधिक. कृत्रिम गुडघा बहुतेकांना ११० ते १२० अंशांपर्यंत नेतो, त्यामुळे ही कामे आरामात होतात. मांडी घालून पंगतीत बसणे, विळीवर भाजी चिरणे किंवा उकिडवे बसणे यासाठी १३० अंशांच्या पुढचा वाक लागतो, जो काही रुग्णांना साधतो आणि पुष्कळांना साधत नाही. शस्त्रक्रियेआधी ज्याचा गुडघा जितका वाकत होता, त्यावर नंतरचा वाक बराच अवलंबून असतो. साधला तरी त्या स्थितीत प्लास्टिकच्या मागच्या कडेवर येणारा दाब मोठा असतो, म्हणून तो नित्याचा न करणे बरे. घरात कमोड, न्हाणीघरात धरायला दांडा, योग्य उंचीची खुर्ची आणि जिन्याला कठडा ही सोय रुग्ण रुग्णालयात जाण्यापूर्वीच झालेली असावी. ज्या स्त्रीचे सगळे स्वयंपाकघर जमिनीवर मांडलेले आहे, तिला या मर्यादेची कल्पना न देता शस्त्रक्रियेसाठी तयार करणे हा तिच्यावर अन्याय ठरतो.

रोपणाची किंमत हाही अनेक वर्षे अडसर होता. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांना कमाल किंमत लागू केली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम रोपणाची किंमत, जी आधी सरासरी दीड लाख रुपयांच्या वर होती, ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आली. रुग्णालयाचा एकूण खर्च अर्थात याहून पुष्कळ अधिक असतो, पण रोपणाची किंमत त्यात वेगळी दाखवली गेली आहे का, हे पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि त्याने तो वापरावा. महागडे रोपण म्हणजे अधिक टिकाऊ रोपण असा नियमही नाही. दीर्घकाळाच्या नोंदी ज्यांच्यामागे आहेत, अशा साध्या रचना कित्येक नव्या रचनांपेक्षा भरवशाच्या ठरल्या आहेत.

टिकाऊपणाविषयी बरीच आश्वासक माहिती उपलब्ध आहे. अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्ण रोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि अर्ध्या रोपणांपैकी सुमारे ७० टक्के रोपणे २५ वर्षे टिकतात, असा अंदाज मांडला गेला. त्याच वेळी साधारण पाचांतील एक रुग्ण निकालाबाबत पूर्ण समाधानी नसतो, हेही वेगवेगळ्या देशांच्या पाहण्यांत दिसले आहे. या असमाधानामागे कधी ताणाचा बिघडलेला तोल असतो, कधी खुब्याचे वा कमरेचे न ओळखलेले दुखणे, कधी दीर्घ वेदनेने अतिसंवेदनशील झालेली मज्जासंस्था, आणि फार वेळा पंचविशीतला गुडघा परत मिळेल अशी कोणीतरी दिलेली किंवा मनाने धरलेली आशा. वेदनेतून सुटका, सरळ पाय आणि दमदार चाल एवढे मागणाऱ्याला ही शस्त्रक्रिया बहुधा भरभरून देते.

रोपणावर धावणे किंवा उड्या मारणे टाळावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. चालणे, पोहणे आणि सायकल यांना आडकाठी नसते. वर्षभरानंतर रुग्णाला काहीही त्रास होत नसला, तरी काही वर्षांच्या अंतराने एक्स-रे काढून घेणे आवश्यक असते, कारण प्लास्टिकची झीज आणि रोपणालगतचे हाड विरघळणे ही दोन्ही सुरुवातीला न दुखता होतात. सैल झालेले रोपण बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हाडाच्या पोकळीत खोलवर जाणारे लांब दांडे आणि गमावलेल्या हाडाची जागा भरणारे धातूचे तुकडे वापरावे लागतात, ती अधिक वेळ घेते आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोकाही पहिल्यापेक्षा मोठा असतो. झीज वेळेवर दिसली, तर कित्येकदा धातूचे भाग जागेवर ठेवून नुसता प्लास्टिकचा तुकडा बदलून भागते.